मोटारीचा कार्ब, फटफटीचा श्वास

तर मंडळी, या शनिवारचा विषय जरा तेलकट आहे. जुन्या फटफटीच्या इंजिनाला मोटारीचा कार्ब्युरेटर बसवणे. असं म्हटलं की लगेच एक गॅरेज डोळ्यांपुढे येतं. शेगड्यात आवळलेली ॲल्युमिनियमची पट्टी, कानशीचा करकर आवाज, आणि "होतंय हो, घाबरता कशाला" म्हणणारे एखादे मामा. थोडक्यात, जुगाड!

पण आजच्या गोष्टीतला जुगाड गल्लीतल्या गॅरेजात झालेला नाही. तो इंग्लंडमधल्या मेरिडनला, ट्रायम्फच्या कारखान्यात झाला, १९५२ च्या मॉडेलवर. कंपनीच्या कॅटलॉगात रीतसर छापून आला. आणि त्या कार्बसाठी कंपनीने चक्क बाईकच्या फ्रेमला भोक पाडलं. माझ्या मते मोटारसायकलच्या इतिहासातलं हे एक छोटं पण भारी पान आहे, आणि त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

ती गाडी म्हणजे ट्रायम्फ थंडरबर्ड. (आपली एनफिल्डची थंडरबर्ड नव्हे, ती फार नंतरची.) १९४९ च्या सप्टेंबरात बाजारात आली, ६४९ सीसी, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर. डिझाईन एडवर्ड टर्नरचं. 'द वाइल्ड वन' सिनेमात मार्लन ब्रँडो याच जातीच्या गाडीवर बसून गावभर दहशत घालतो. त्याची गाडी मात्र १९५० ची होती, म्हणजे जुन्या कार्बवाली. आपली गोष्ट दोन वर्षांनी सुरू होते.

तेव्हाच्या ब्रिटिश बाईकला साधारणपणे अमलचा कार्ब असायचा. मेकॅनिकलवाल्यांनी दुसऱ्या की तिसऱ्या वर्षाला 'सिंपल कार्ब्युरेटर, नीट आकृतीसह' हे उत्तर पाठ केलंच असेल. मीही केलं, मार्क घेतले आणि आयटीत आलो. :-) तर अमलमध्ये असं असतं की तुम्ही मूठ पिळली की केबल ओढली जाते, आणि हवेच्या वाटेतला गोल दट्ट्या, म्हणजे स्लाइड, थेट वर उचलला जातो. स्लाइडला सुई लटकलेली, सुई जेटमध्ये. स्लाइड वर, सुई वर, हवा जास्त, पेट्रोल जास्त. साधं आणि स्वस्त. एकच भानगड. इंजिन हळू फिरत असताना तुम्ही एकदम पूर्ण मूठ पिळली तर वाट तर उघडते, पण तेवढी हवा ओढायला इंजिनात दम नसतो. हवेचा वेग पडतो, वेग पडला की जेटवरची ओढ पडते, पेट्रोल येत नाही, आणि गाडी 'भॉक' करून गुदमरते. जुन्या बुलेटवाल्यांना हा 'भॉक' चांगला ठाऊक आहे. म्हणजे अमलच्या गाडीवर मिश्रणाचा अर्धा हिशोब चालवणाऱ्याच्या मनगटात असतो.

मोटारींच्या जगात यावर एक वेगळंच उत्तर खूप आधी सापडलं होतं, आणि ते शोधलं बुटांच्या दुकानदारांनी! लंडनची लिली अँड स्किनर ही पादत्राणांची मोठी पेढी. त्यातल्या स्किनर घराण्यातला जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा सुरुवातीच्या मोटारवेड्यांपैकी. १९०५ च्या सुमारास त्याने एक कार्ब बनवला, त्यात चामड्याचा भाता होता. लोहाराचा असतो तसा, फक्त पिटुकला. (बुटांच्या घरात चामड्याला काय तोटा!) पुढे धाकटा भाऊ कार्ल याच्यासह १९१० मध्ये कंपनी निघाली. स्किनर्स युनियन, म्हणजे एसयू. चामड्याचा भाता जाऊन त्याजागी धातूचा पिस्टन आला. १९२६ मध्ये विल्यम मॉरिसने कंपनी विकत घेतली आणि मग मॉरिस, एमजी, जॅग्वार असं करत एसयू ब्रिटिश मोटारींच्या घराघरांत गेला. आपल्या ॲम्बेसिडरचा मूळ पुरुष मॉरिस ऑक्सफर्ड. त्यामुळे जुन्या ॲम्बेसिडरचं बॉनेट उघडलं की बाटलीच्या आकाराची डोकी असलेला जो कार्ब दिसायचा, तो हाच.

त्याची गंमत अशी. पॅडल दाबून तुम्ही फक्त इंजिनाकडची एक चपटी झडप उघडता. पुढचा पिस्टन तुमच्या ताब्यात नाहीच. तो इंजिनाच्या ओढीने वर उचलला जातो. इंजिन जेवढा श्वास घेईल तेवढा तो वर, श्वास कमी झाला की वजनाने आणि स्प्रिंगने खाली. हवेची वाट इंजिनाच्या गरजेएवढीच उघडी राहते, म्हणून जेटवरची ओढ जवळपास कायम तेवढीच राहते. वर मधोमध थोडं तेल असतं, त्यात एक छोटा दांडा बुडालेला. तो पिस्टनला वर जाताना अडवतो, खाली येताना अडवत नाही. त्यामुळे अचानक पॅडल दाबलं तर पिस्टन क्षणभर मागे राहतो, ओढ वाढते, आणि नेमकं हवं तेव्हाच थोडं जास्त पेट्रोल मिळतं. वेगळा पंप नाही, दहा जेट नाहीत. एक सुई, एक जेट, दोन थेंब तेल. असं डिझाईन बघितलं की मला उगाच कोणाचा तरी जुना पण सुरेख लिहिलेला कोड वाचल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढा चांगला कार्ब, मग उचलून बाईकला का नाही लावायचा?

पहिली शंका सगळ्यांनाच येते ती आकाराची. दीड लिटरच्या मोटारीचा कार्ब ३५० सीसीला कसा चालेल? इथे थोडं गणित करू. ॲम्बेसिडरचं जुनं इंजिन १४८९ सीसीचं, चार सिलिंडर. म्हणजे एकेक सिलिंडर ३७२ सीसी. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडरी इंजिनात ढोबळमानाने कुठल्याही क्षणी एकच सिलिंडर श्वास आत घेत असतो. एकाचा संपला की दुसऱ्याचा सुरू. आणि बुलेटचं एकुलतं एक सिलिंडर किती? ३४६ सीसी! म्हणजे बुलेट ज्या क्षणी श्वास घेते, त्या क्षणी त्याच वेगाने फिरणाऱ्या ॲम्बेसिडरएवढीच हवा मागते. आमच्याकडे सर्व्हर घेताना सरासरी लोड बघत नाहीत, पीक बघतात. तसंच हे. आकार हा काही मोठा अडसर नाही.

खरा अडसर आहे ताल. हजार आरपीएमला मोटारीचं चार सिलिंडरी इंजिन मिनिटाला दोन हजार श्वास घेतं, सेकंदाला ३३. एकाला लागून एक, मध्ये खंड नाही. एसयूच्या पिस्टनला तो जवळपास सलग वारा वाटतो आणि तो निवांत तरंगत राहतो. एक सिलिंडरची बाईक त्याच वेगाला सेकंदाला आठच श्वास घेते, आणि दर श्वासानंतर तिप्पट वेळ गप्प. पिस्टन बिचारा वर जातो, धपकन खाली पडतो, परत वर. नुसती फडफड. झडप जवळजवळ बंद असताना ती मध्ये आडोसा करते म्हणून एवढं जाणवत नाही. पण कमी वेगात पूर्ण मूठ उघडली की तमाशा सुरू.

थंडरबर्ड या दोघांच्या मध्ये बसते. तिचे दोन्ही पिस्टन एकदमच वर-खाली होतात, पण श्वास आळीपाळीने घेतात, दर फेऱ्याला एक. समान अंतराने. मध्ये अर्ध्या फेऱ्याची शांतता, पण ठेका एकसारखा. ही फडफड तेलाच्या दांड्याने आणि स्प्रिंगने आवरता येण्याजोगी होती. टर्नरचंच आधीचं अपत्य असलेल्या एरियल स्क्वेअर फोरकडे बघितलं की हे आणखी पटतं. चौकटीच्या चार कोपऱ्यांत चार सिलिंडर, मोठ्या मॉडेलला ९९७ सीसी. तिचा श्वास मोटारीसारखाच सलग, त्यामुळे तिला आधी सोलेक्स आणि मग एसयू असे मोटारीच्या घराण्यातले कार्ब लागले, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तर ट्रायम्फने एसयूकडून एमसी२ नावाचा कार्ब घेतला. तत्त्व तेच, अंग बाईकला जुळेल असं. आणि मग सुरू झाल्या खऱ्या अडचणी, ज्या आजही कुणी असा प्रयोग करायला गेलं की त्याच क्रमाने पुढे येतात.

पहिली, जागा. अमल बुटका. एसयूला वर बाटली, मागे झडप, बाजूला पेट्रोलची वाटी. थंडरबर्डच्या इंजिनामागे लगेच फ्रेमची उभी नळी, जिच्यावर सीट. कार्बच्या मागच्या तोंडाला एअर फिल्टर लावायचा तर मध्ये ही नळी. दुसऱ्या कुणी कार्ब वाकडा बसवला असता. ट्रायम्फने नळीलाच लंबगोल आरपार वाट केली आणि फिल्टरचा रबरी पाईप त्यातून नेला! नवीन लायब्ररी वापरायची म्हणून अख्ख्या प्रॉडक्टचं आर्किटेक्चर बदलण्यासारखं हे. वेल्डरच्या दृष्टीने बघा, सगळा भार पेलणारी नळी मधोमध फोडून पुन्हा तेवढीच मजबूत करायची. आणि हे प्रत्येक गाडीला. जुगाड म्हणणाऱ्यांना मी हे भोक दाखवतो.

दुसरी, पेट्रोल पोचवणं. मोटारीत टाकी मागे खाली, त्यामुळे पंप लागतो, आणि पंप दीड-दोन पीएसआय किंवा जास्त दाबाने पेट्रोल ढकलतो. बाईकमध्ये टाकी वर, सगळा कारभार गुरुत्वाकर्षणावर. टाकी कार्बपेक्षा एक फूट वर धरली तर दाब येतो जेमतेम ०.३२ पीएसआय. मोटारीच्या कार्बच्या वाटीतली सुईची झडप त्या पंपाच्या दाबासाठी बारीक भोकाची असते. तीच बाईकवर ठेवली तर चौकात गाडी मस्त चालते आणि हायवेला पाच मिनिटं ताणली की उपाशी मरते. मग लोक सुया बदलत बसतात, जेट बदलत बसतात. दोष असतो त्या एवढ्याशा भोकात. मोठं भोक असलेली झडप टाकली की प्रश्न मिटतो.

तिसरी, जिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बाईक वळणावर झुकते, मग वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जाऊन फ्लोटचा गोंधळ होत नाही का? ऐकायला बरोबर वाटतं, पण होत नाही. वळणावर बाईक झुकते तीच मुळी अशा कोनात की वजन आणि बाहेर ओढणारा जोर यांची बेरीज गाडीच्या मधल्या पातळीतून सरळ खाली जाते. वाटीतलं पेट्रोल गाडीच्या दृष्टीने सपाटच राहतं. उलट मोटार झुकत नाही, म्हणून तिच्यातलं पेट्रोल वळणावर बाजूला चढतं. म्हणजे या बाबतीत कार्बला मोटारीपेक्षा बाईकवर सुख जास्त. त्रास होतो तो साइड स्टँडवर तिरकी उभी ठेवल्यावर, आणि कचकन ब्रेक मारल्यावर.

फ्लोटचा विषय निघालाच आहे तर एका बाईंबद्दल सांगायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनांना एसयूचेच कार्ब होते. घडण वेगळी, पण फ्लोट होताच. विमानाने नाक एकदम खाली घातलं की वाटीतलं पेट्रोल वर उसळायचं, इंजिन आधी उपाशी आणि मग नाकातोंडात पेट्रोल जाऊन बंद. समोरच्या जर्मन विमानात थेट इंजेक्शन, त्यांना हे झंझट नाही. १९४१ मध्ये फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्रातल्या बिअट्रिस शिलिंग यांनी यावर उतारा काढला. पेट्रोलच्या वाटेत भोक असलेली एक साधी चकती, जिच्यातून इंजिनाला पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल जाईल. दुखणं मुळातून गेलं नाही, पण वैमानिक वाचले. या शिलिंगबाई स्वतः मोटारसायकल रेसर! १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर त्यांनी ५०० सीसी नॉर्टनवर ताशी १०६ मैलांनी फेरी मारली होती. चकतीची कल्पना त्यांना बाईक खोलता-खोलताच सुचली असेल असं म्हणायचा मोह होतो, पण तो मी आवरतो.

असो. थंडरबर्डकडे परत. एसयू लागल्यावर ती गाडी गरीब आणि कमी खाणारी झाली. ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग १९५० च्या मे महिन्यात नुकतं संपलेलं, लोकांना ॲव्हरेजची किंमत चांगली कळलेली. पण १९५९ च्या मॉडेलला ट्रायम्फ परत अमलकडे गेली. अमलने तोवर वाटी आणि शरीर एकाच ओतकामात केलेला मोनोब्लॉक काढला होता. सुटसुटीत आणि बाकीच्या ट्रायम्फलाही तोच चालणारा. एका मॉडेलसाठी वेगळी फ्रेम, वेगळा फिल्टर, वेगळा कार्ब सांभाळणं कारखान्याला नकोसं झालं असणार. मला विचाराल तर तांत्रिकदृष्ट्या ते एक पाऊल मागे होतं. अकाउंट्सवाल्यांना विचाराल तर नसेल.

पुढचा अंक अमेरिकेत. तिथे हार्लेने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून दहा-बारा वर्षांत लिंकर्ट सोडून टिलॉटसन, बेंडिक्स, केहिन असे एकामागून एक कार्ब बदलले. कुठलाच सगळ्यांना पटला नाही. भंगारवाल्यांकडे व्होल्वो आणि जॅग्वार पडलेल्या, त्यांवर एसयू. त्यातला पावणेदोन इंची एचएस६ हार्लेच्या प्रेमिकांनी उचलला आणि १९७०-८० च्या दशकांत त्यासाठी तयार मॅनिफोल्डचे किट विकले जाऊ लागले. इथे ताल आणखी अवघड. हार्लेचे दोन सिलिंडर ४५ अंशांत आणि क्रँकची पिन एकच, म्हणून श्वासांमधलं अंतर एकदा ३१५ अंश, एकदा ४०५. लंगडी लावणी! तरीही लोकांनी ते जुळवलं. पिस्टनची स्प्रिंग बदलून (एसयूच्या स्प्रिंगांना रंग असतात: निळी अडीच औंसाची, लाल साडेचार, पिवळी आठ, हिरवी बारा), दांड्यात जाडसर तेल घालून, आणि तासन् तास सुया बदलून. कार्ब उजव्या बाजूला एवढा बाहेर यायचा की गुडघा आपटायचा. पण गाडी पहिल्या किकला लागायची म्हणे, आणि हार्लेवाल्यांसाठी ते फार होतं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस खुद्द हार्लेनेच याच तत्त्वाचा केहिन कार्ब लावायला सुरुवात केली. जपानी आणि जर्मन आधीच पोचले होते. १९६५ ची होंडा सीबी४५०, १९६९ ची बीएमडब्ल्यू आर७५/५. फरक इतकाच की त्यांत घासून बसवलेल्या जड पिस्टनऐवजी रबरी पडदा आणि हलकी स्लाइड, म्हणजे फडफड कमी. आणि प्रत्येक सिलिंडरला आपापला कार्ब. आपल्याकडे २००३ ची करिझ्मा आठवतेय? तिच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'सीव्ही टाइप' लिहिलेलं असायचं आणि कॉलेजच्या कट्ट्यावर कुणालाच ते सांगता यायचं नाही. सीव्ही म्हणजे स्किनरचा भाताच, फक्त रबराचा.

मग आज कुणाकडे जुनी बुलेट असेल आणि ॲम्बेसिडरचा एसयू हाताशी असेल, तर लावावा का? माझं मत, हौस म्हणून जरूर, फायदा म्हणून नाही. वर बघितलं तसं आकार आड येणार नाही, पण एक सिलिंडरचा ताल येईल. शिवाय मोठ्या सिंगलची थरथर वाटीतल्या पेट्रोलचा फेस करते, म्हणून कार्ब रबरी जोडावरच बसवायला हवा. मोटारीतल्या लोखंडी दांड्याऐवजी केबल, आणि ती नीट ओढायला छोटं चाक करावं लागेल. परत येणारी स्प्रिंग दोन लावा, एक तुटली तर दुसरी. जुळ्या सिलिंडरची जुनी ब्रिटिश गाडी असेल तर मात्र बिनधास्त. आणि प्रदर्शनात कुणी 'ओरिजिनल नाही' म्हणून नाक मुरडलं तर थंडरबर्डच्या फ्रेमचं भोक सांगा.

१ एप्रिल २०२० ला बीएस६ आलं आणि आपल्याकडे बहुतेक नव्या बाईकमधून कार्ब्युरेटर गेला. जे आहेत ते मुख्यतः जुन्या गाड्यांवर. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीची बर्लेन ही कंपनी आजही एसयूही बनवते आणि अमलही. एकेकाळी थंडरबर्डवरून एकमेकांना हटवणारे दोघे आता एकाच छताखाली!

आणि आता नवीन काम आलंय, ई२० चं. साध्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. एसयूला जेट बदलायची गरज नाही. खाली सहा पैलूंचा नट आहे, तो एकेक पैलू फिरवून जेट खाली घ्यायचा, मिश्रण घट्ट होतं. पण जेट खाली घेतल्याचा परिणाम आयडलला जास्त आणि पूर्ण मुठीला कमी जाणवतो, कारण सुई निमुळती आहे. त्यामुळे आयडल गोड लागलं तरी हायवेला प्लग पांढरा पडतोच. तिथे सुईच बदलावी लागते. एसयूच्या तक्त्यात शेकडो सुया आहेत, प्रत्येकीची जाडी दर अष्टमांश इंचाला हजारांश इंचात दिलेली. तक्ता उघडा, सध्याच्या सुईच्या खालच्या टोकाकडे बघा, तिथे किंचित बारीक असलेली पुढची सुई शोधा. मग दहा किलोमीटर ताणून गाडी चालवा, इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढून रंग बघा. चहाच्या बिस्किटाचा आला तर झालं. नाही आला तर परत तक्ता.